धुराचा भाव

कारखाना बंद पडून नवरा घरी बसला, तेव्हा सुनेनं अंगणातल्या लोखंडी पिंपात धुरावर भाजलेलं मांस विकायचं ठरवलं. आजवर शेजारीपाजारी ते फुकटच खाऊन बोटं चाटत जायचे. आज पहिलं खरं गिऱ्हाईक आलं, कोपऱ्यावरचा खानावळवाला. तुकडा चघळत त्यानं विचारलं, "किलोला काय घेणार?" मांसाचा नि लाकडाचा खर्च मनाशी जुळवून ती चाचरत म्हणाली, "तीनशे." तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास लागतो म्हणून कायम कुरकुरायच्या. सुनेनं घाईघाईनं पिंपावर झाकण ओढलं. "ही पहाटेपासून धुरात डोळे चोळत बसते, ते काय फुकट?" सासूबाई कडाडल्या. "पाचशे पडतील." खानावळवाला हसला. "शनिवारी दहा किलो ठेवा." तो गेला. सासूबाईंनी तुकडा तोंडात टाकला. "मीठ कमी पडलंय," म्हणाल्या आणि दुसरा उचलला.