लोकर येते कुठून?

सुनेने जुन्या बाजारातून पायाने चालवायचा लाकडी चरखा आणला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. रोज दुपारी बंद दाराआड ते जुनं धूड घरघरतं, पण घरात लोकर आलेली मी एकदाही पाहिली नाही. मग ही बया कातते तरी काय? मुलाला विचारलं, तर तो बायकोकडे बघून नुसता हसला.

एक मात्र कबूल करते. त्यांच्या पांढऱ्या झिपऱ्या कुत्र्याचा एक केस जरी घरात दिसला तरी याद राखा, असं मी बजावलं होतं. तेवढं ती पाळते. रोज गच्चीत नेऊन त्याला विंचरते, घरात केस सापडत नाही.

वाढदिवसाला तिने मला पांढरीशुभ्र, ऊबदार शाल दिली.

"एवढी लोकर आणलीस कुठून गं?"

"घरचीच आहे, आई."

संशय गिळून मी शाल पांघरली आणि शेजारीपाजारी मिरवून आले. परतताना भुरभुर पावसाने गाठलं. घरात पाऊल टाकताच मी नाक दाबलं.

"ते ओलं कुत्रं आधी बाहेर काढा! काय वास सुटलाय!"



सून चाचरत म्हणाली, "आई, तो तर सकाळपासून डॉक्टरांकडे आहे."