दाराची कडी

रविवारी सकाळी बेल वाजली. मंडईतून आणलेले मटार नवऱ्यापुढे सरकवून ती उठली आणि तिने दाराच्या भिंगातून पाहिलं. बाहेर नौदलाच्या पांढऱ्या गणवेशातले दोन अधिकारी उभे होते. तिचा हात कडीवरच थांबला. नवरा गोव्याच्या तळावरून विमानं उडवायचा, तेव्हा तिथल्या सगळ्या बायकांना ठाऊक असायचं, की न कळवता दोन पांढरे गणवेश दारात आले, म्हणजे त्या घरचा वैमानिक परतणार नाही. बावीस वर्षं ते गणवेश तिच्या दारावरून पुढे गेले होते. “ते घरीच आहेत,” ती बंद दारातूनच म्हणाली. “आपण चुकीच्या घरी आलात.” “मॅडम, आम्हाला सरांनाच भेटायचंय.” “सांगितलं ना, घरीच आहेत. आत्ता आंघोळ झाली त्यांची.” मटार तसेच टाकून तो उठून आला. निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली होती. आता तो हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत मुलाच्या वयाच्या साहेबाला रिपोर्ट करायचा. तिची बोटं कडीवरून सुटत नव्हती. नौदलात असताना तो स्वतः असाच तीन दारांसमोर उभा राहिला होता. दार उघडायला इतका वेळ का लागायचा, ते त्याला आज आतून दिसलं. त्याने तिचा हात हातात घेतला आणि कडी काढली. अधिकाऱ्यांनी सॅल्यूट करून जुन्या स्क्वाड्रनच्या मेळाव्याचं निमंत्रण पुढे केलं. दोघांना आत बसवून पाणी दिल्यावर तो शांतपणे म्हणाला, “पुढच्या वेळी साध्या कपड्यांत या.”