जमनाबाईंचा वेग

"आधी हजेरी," ग्रामसेवक गिरधरने ग्रामसभेच्या दारातच वही पुढे केली.

रुचिकाच्या एका हातात लॅपटॉप होता, दुसऱ्यात माइकची वायर. त्याने पानाच्या तळाशी बोट ठेवलं, तिथे तिने घाईत सही केली.

"वर एवढी जागा?" तिने विचारलं.

"लागते, ताई."

मागून जमनाबाईंनी अंगठा उमटवला.

गेल्या वर्षी खडी क्रशरच्या परवानगीवर जमनाबाई ग्रामसभेत अर्धा तास बोलल्या होत्या. इतिवृत्तात त्यातला एक शब्द आला नाही. रुचिकाने जाब विचारला, तेव्हा गिरधर हसला होता. "माय थांबतच नाही. लिहू कसं?"

त्या 'लिहू कसं'चा राग तिला वर्षभर पुरला. धानोऱ्याच्या बाजारात, विसरवाडीच्या स्टँडवर उभं राहून तिने सव्वाशे तास अहिराणी बोलणं रेकॉर्ड केलं. वाक्य संपायची वाट न बघता, ऐकता ऐकता लिहिणारी प्रणाली बनवली. शब्द आधी करडा उमटे. पुढचे शब्द ऐकून खात्री झाली की काळा होई.

"तुन्ही मशीनले आमनी बोली समजस का, पोरी?" सरपंच नवनीत म्हणाले. क्रशर त्यांच्या मेहुण्याचा. सभा हसली.

"बोलून बघा, आबा."

जमनाबाई उभ्या राहिल्या. "सुरुंग लागस तवय मन्हं घर हालस. भिंती फाटी ग्यात. इहिरनं पानी आटी गये. आते आखो परवानगी? मी नही म्हनस! लिखी ले, गिरधर!"

पडद्यावर शब्द त्यांच्या तोंडामागे धावत होते. वीस मिनिटं त्या थांबल्या नाहीत. यंत्रही थांबलं नाही. मागून बायका ओरडल्या, "आमीबी नही म्हनतस!" तेही उमटलं.

"बंद कर ते!" नवनीत गरजले. तेही उमटलं. सभा पुन्हा हसली, या वेळी त्यांना. गिरधर मात्र मान खाली घालून लिहीत होता.

सभा संपताच रुचिकाने छापलेली बारा पानं त्याच्यासमोर आपटली. "आता म्हणा, भाऊसाहेब, लिहू कसं! एक शब्द सुटलेला नाही. वहीला जोडा."

"जोडतो की." गिरधरने शांतपणे स्टेपलर घेतला, आजचं पान उघडलं.

वरची जागा भरली होती. खडी क्रशरला मुदतवाढ : सर्वानुमते मंजूर. विरोध : निरंक.

खाली पहिली सही रुचिकाची होती. शेजारी जमनाबाईंचा अंगठा.