मलकापूरची वाकळ

शालूबाईंनी चहाची कपबशी बाजूला सारली आणि मांडीवरची वाकळ उलटी केली. पुढची बाजू काय, कुणीही नटवेल. खरा हात उलट्या बाजूला कळतो.

पण एक गाठ वर दिसेल तर शपथ! धावदोरा ज्वारीच्या दाण्याएवढा, ओळीनं सरळ. मध्ये फिके तुकडे, कडेला जाईल तसे गडद, नजर कुठं अडखळायची नाही.

"आमच्या तेजस्वीनंच शिवलीय की," पोरीची आई म्हणाली. "चिंधी म्हणून टाकू देत न्हाय बघा."

शालूबाई नुसत्या हुं म्हणाल्या. शेजारी त्यांचा मुलगा विश्वजित खाली मान घालून पोहे चिवडत बसला होता. मलकापूरचं हे स्थळ त्यानंच सुचवलं होतं. शालूबाईंची अट एकच, सून हातात सुई धरणारी हवी. कोल्हापुरात तीस वर्षं त्यांनी वाकळा शिवल्या, पण आता डोळे दगा देत होते. सुईत दोरा ओवायलाही शेजारच्या धोंडुबाईला हाक मारावी लागे. आपल्यामागं हे काम बुडणार, या धास्तीनं त्यांना झोप लागत नव्हती.

तेवढ्यात कडेचा पिस्ता रंगाचा तुकडा त्यांच्या हाताला लागला.

त्या दचकल्या. हा त्यांचाच. त्याच्या शेजारचा जांभळाही त्यांचाच. रंगवार लावून ठेवलेल्या डब्यांतल्या चिंध्या दिवाळीपासून कमी होत होत्या. त्यांचा संशय धोंडुबाईवर होता, आणि धोंडुबाईचं माहेर मलकापूर.

आता सगळं लख्ख उमगलं. चिंध्या माझ्या, हात धोंडुबाईचा, नाव या पोरीचं. मलाच गंडवायला निघाल्यात!

"पोरी, हिकडं ये." त्यांनी पिशवीतून सुईदोरा आणि दोन तुकडे काढले. "चार टाके घालून दाव."

"आत्ता व्हय?" पोरीची आई कसंनुसं हसली. "राहू द्या की ताई. नंतर बघू."

"चार टाक्यांना कितीसा येळ लागतोय?"

तेजस्वीनं सुई घेतली. पहिला टाका बोटभर लांब. दुसऱ्यात खालचा तुकडा सुटूनच गेला. तिसरा थेट बोटात.

"ही वाकळ धोंडुबाईनं शिवली ना?" शालूबाईंनी आवाज खाली आणला. "खरं सांग."

"कोण धोंडुबाई?" तेजस्वी बोट चोखत म्हणाली. "मी शिवली असं मी कुठं म्हटलं? तुमची अट ऐकून आईनंच ठोकून दिलं. मला भेट आलीय ती."

"कुणाकडनं?"

पोरगी बोटावरचं रक्त पुसू लागली. तिच्या आईनं पदर तोंडाला लावला.

इतकी आस लावून आलो आणि पदरात काय पडलं, तर लबाडी. त्या उठल्या. "ऊठ विश्वा. यस्टी गाठायची हाय. असल्या घरात सोयरीक न्हाय करायची."

विश्वजित उठला, पण दाराकडं गेला नाही. तेजस्वीशेजारी मांडी घालून बसला. तिच्या हातातले तुकडे घेऊन त्यानं तिचे टाके उसवले, आणि आईकडं न बघता बारीक, सरळ धावदोरा सरसर घालत सुटला.