उतरायचं राहिलेलं सोंग

सुपारी ताटात ठेवून झाली आणि तेवढ्यात खंडेरावांच्या मोबाईलवर पुतण्यानं फोटो धाडला. होणाऱ्या जावयाचा. तोंडाला पांढराफटक रंग, डोळ्यांभोवती काजळी, ओठांच्या कडेनं काळे ओघळ, मनगटाला खिळ्यांचे पट्टे आणि हातात गिटार. खाली पुतण्यानं लिहिलं होतं, काका, अक्षीताईला कुणाच्या हवाली करताय ते बघा.

खंडेरावांनी फोटो पाहिला, मग समोरचा माणूस पाहिला. हाल्वर नावाचा नॉर्वेचा तो पंचेचाळिशीचा गडी, नवा सदरा घालून, घाम गाळत मांडी घालायचा प्रयत्न करत होता. गुडघे काही केल्या खाली टेकत नव्हते.

"सुपारी फुटायची नाय," खंडेराव म्हणाले आणि त्यांनी ताट बाजूला सरकवलं. आवाज चढवला नाही. ते ओरडले की घर निर्धास्त असायचं. हळू बोलले की विषय संपला.

त्यांच्या लेकीचं, अक्षदाचं तोंड उतरलं. आपल्या बापाच्या, आबांच्या हातून सुपारी फुटली तरच लग्न, नाहीतर आपले रस्ते वेगळे, हे तिनं हाल्वरला तिकडंच सांगून ठेवलं होतं. नोकरीसाठी सातासमुद्रापार गेली तरी ती दौलताबादच्या पायथ्याला मेंढरं राखणाऱ्या घरातली पोर. दिलेला शब्द फिरवायचा नाही हे बाळकडू तिनं तिकडं जातानाही सोबत नेलं होतं.

तिनं काही लपवलं नाही. हाल्वर बोलत गेला, ती मराठीत सांगत गेली. जंगलातलं लहानसं गाव, हिवाळाभर सूर्य जेमतेम दिसायचा. सतरा वर्षांच्या चार पोरांनी एका गोठ्यात बँड काढला. ब्लॅक मेटल म्हणतात त्या संगीताला. कानठळ्या बसवणारं, मरणाची गाणी गाणारं. प्रेतासारखं तोंड रंगवून वाजवायचं हीच त्याची रीत. गावानं पाठ फिरवली, परक्या मुलखांनी डोक्यावर घेतलं. अर्धं आयुष्य हा देशोदेशी तसाच फिरला. मग बँडमधला ड्रम वाजवणारा जिवाभावाचा दोस्त वारला, आणि तेव्हापासून यानं स्टेजवर वाजवणं सोडलं. आता शाळेतल्या लेकरांना गिटार शिकवतो, एवढंच.

अक्षदाची आई मंजुळाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. फोन लांब धरून त्यांनी फोटो बराच वेळ न्याहाळला.

त्यांच्या गावच्या जत्रेत तोंड पांढरं रंगवून, डोळ्यांभोवती काजळी फासून वेताळाचं सोंग निघायचं आणि तरुणपणी ते खंडेरावच घ्यायचे. सोंग घेणाऱ्यानं आपलं तोंड आपण धुवायचं नाही, असा गावचा दंडक. आईनं नाहीतर बायकोनं त्याला उंबऱ्यात बसवून धुवायचं, नाहीतर सोंग अंगातच राहतं म्हणायचे. मंजुळाबाईंनी नवऱ्याचं सोंग वर्षानुवर्षं उतरवलं होतं. पुढं शहर वाढत वाढत वेशीला भिडलं, जत्रेच्या माळावर प्लॉट पडले, आणि सोंग बंद झालं.

"अक्षे, इचार त्यायला," मंजुळाबाई म्हणाल्या. "सोंग उतरल्यावर त्यायचं तोंड कोण धूत व्हतं?"

हे सोंग नव्हे, असं सांगायला अक्षदानं तोंड उघडलं आणि मिटलं. आईनं विचारलं तसंच तिनं विचारलं.

कुणीच नाही, हाल्वर म्हणाला. हॉटेलातल्या बेसिनमध्ये आपलं आपण. थकवा असला तर तसंच झोपायचं. पहिल्यांदा त्या रंगात घरी गेला तेव्हा आईनं दार लावून घेतलं होतं. हे तोंड घेऊन घरात यायचं नाही म्हणाली. तो गेलाच नाही. नंतर जायचं मनात आलं तेव्हा आई उरली नव्हती.

हे अक्षदालाही पहिल्यांदाच कळत होतं.

"म्हंजी आजून अंगावरच हाय की," मंजुळाबाई म्हणाल्या. "कुणी उतरवलंच नाय."

"आमचं देवाचं सोंग व्हतं," खंडेराव म्हणाले. "हे कशाचं?"

"रंग तर त्योच हाय."



गेला आठवडाभर पाण्याचा टँकर फिरकला नव्हता. पिंपाचा तळ दिसायला लागलेला. सकाळी खुद्द खंडेरावांनी ओल्या पंचावर अंघोळ भागवली होती. त्या पिंपातून मंजुळाबाईंनी काठोकाठ तांब्या भरला, पाहुण्याला दंडाला धरून उठवलं आणि उंबऱ्यात बसवलं.

एवढा धिप्पाड गडी, पण कातरणीला धरलेल्या मेंढरासारखा गप बसला. मंजुळाबाईंनी ओंजळीनं त्याचं कपाळ भिजवलं, पापण्यांवरून अंगठा फिरवला, गाल चोळले, हनुवटी चोळली. तोंड मुळात स्वच्छच होतं. तरी वर्षानुवर्षांचा मळ निघावा तसं त्या मन लावून धूत होत्या. हाल्वरला रडू फुटलं. त्यानं ते लपवलं नाही आणि मंजुळाबाईंनीही हात थांबवला नाही; पाण्याबरोबर तेही पुसून काढलं. अक्षदा भिंतीला टेकून उभी होती. आईवर इतकी माया आपल्याला आजवर कधीच आली नव्हती, असं तिला वाटलं.

तांब्या रिकामा झाला. मंजुळाबाईंनी पिंपाकडं पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला. उद्याचा स्वयंपाक व्हायचा होता, मेंढरांनाही पाजायचं होतं.

खंडेराव उठले. येऊन पाहुण्याच्या मागं उभे राहिले. कमरेत वाकून त्यांनी त्याचं तोंड एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं. मग जाऊन पिंपाचं झाकण त्यांनी स्वतःच उचललं.

"कानामागं ऱ्हायलंय," ते म्हणाले. "आजून एक तांब्या घे."