दाराच्या आतून

चुलतभाऊ कुंदनने स्पोर्ट्स कार घेतली. सरकारने शेती घेतली तेव्हा मोबदल्यातले साडेबारा टक्क्यांचे प्लॉट दोन्ही घरांना सारखेच मिळाले होते. काकांनी राखला, माझ्या बापाने विकून खाल्ला.

"दादा, आत लय आवाज येतो. शांत करून दे ना," म्हणत त्याने गाडी पावणे गावातल्या माझ्या गॅरेजात आणली.

दारं उघडून मी आतल्या पत्र्यावर आवाज शोषणारी डॅम्पिंग शीट चिकटवत गेलो. तोंडाने गप्प, पण मनात एकच: ही माझी हवी होती.

काम झाल्यावर त्याने मला चक्कर मारायला नेलं. इंजिनसुद्धा ऐकू येईना.

"कसलं शांत वाटतंय, दादा!"

तेवढ्यात त्याच्या दाराच्या आतून माझाच आवाज आला. "ही माझी हवी होती."

कुंदन मजेत शीळ घालत होता.

"पुढच्या वळणावर स्टिअरिंग ओढ," दारातला आवाज पुढे म्हणाला.

हे मात्र माझ्या मनात अजून आलं नव्हतं.