रिकाम्या जागेवरचा थांबा

लातूरच्या आमच्या क्लासचं हजेरीचं सॉफ्टवेअर मी लिहिलं. सहा आकडी सीट नंबर हाच ॲरेतला, म्हणजे नावांच्या यादीतला क्रमांक, त्यामुळं लाखो जागा आणि नावं मोजकीच. रिकाम्या जागेकडं प्रोग्रॅम चालवणारं इंजिन ढुंकूनही बघत नाही, न थांबता पुढच्या नावावर जातं.

चाकूरच्या उर्वीनं होस्टेलात जीव दिला. क्लासचे मालक राघवेंद्र सर म्हणाले, "दिपाली, नाव काढ तिचं. ॲडमिशन चालू हायत."

काढलं.

दुसऱ्या सकाळी वर्गातला स्पीकर नावं पुकारताना उर्वीच्या जागेवर श्वासभर थांबला.

"नेट स्लो असंल," सर म्हणाले.

आज तो तिथं थांबला आणि लगेच पुढच्या जागेवरही थांबला. ती जागा देविकाची. तिचं नाव मी काढलेलं नाही.

स्पीकर तिचं नाव न घेताच पुढं गेला, तेव्हा पहिल्या बाकावर देविका 'हजर' म्हणायला उभी होती.